आईनं धोपाटणं उचललं तो दिवस

मंडळी, आज सकाळी आमचं वॉशिंग मशीन धाडधाड आपटायला लागलं. सूनबाईनं खालचा ढिला पाय पान्यानं बराबर बसवला आणि आवाज थांबला. माझे मात्र डोळे भरून आले.

"काहून मामा, काय झालं?" तिनं विचारलं.

त्या धाडधाड आवाजानं मला माझी आई आठवली होती. निजामाच्या राज्याचे शेवटचे दिवस. मी आठ वर्षांचा. निजामाच्या माणसांच्या भीतीनं आमी आमच्या गावाहून, साखऱ्याहून, पळून रानात लपलो होतो. आवाज जाऊ नये म्हणून आई ओढ्यावर कपडे नुसते हातानं चोळायची.

सगळं शांत झाल्यावर गावात परतलो. त्या दिवशी आईनं धोपाटणं उचललं आणि हसत, रडत कपडे बडवत राहिली. "आता कुणाला भ्यायचं न्हाई रे लेकरा," म्हणाली.

तुमी तुमच्या आईला असं मोकळं हसताना कधी पाहिलंय?