तहकूब सभा

वडिलांना मी सिंगापूरला आणलं ते त्यांना विचारून नव्हे. आई गेली, तिचं वर्षश्राद्ध झालं, आणि मी तिकीट काढून मग त्यांना फोन केला. मी एकुलती एक, त्यात राग नाकाच्या शेंड्यावर. माझ्याशी वाद घालण्यापेक्षा विमानात बसणं सोपं, असं त्यांना वाटलं असावं. वर्षभराचा लाँग-टर्म व्हिजिट पास हातात पडला तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, आता बाबांची काळजी मिटली.

मिटली होती ती माझी काळजी. मी रॅफल्स प्लेसला बँकेत, नवरा जुरोंग आयलंडच्या कारखान्यात पाळीवर. लेक दुपारी शाळेतून यायची तेव्हा वुडलँड्सच्या आमच्या फ्लॅटचं दार उघडायला घरात माणूस आहे, ही केवढी सोय होती. त्याला मी सोय म्हणत नसे इतकंच.

बाबांनी उभी हयात सातारा जिल्ह्यातल्या एका लहानशा नगरपालिकेत काढली, आणि तीही सभा विभागात. विषयपत्रिका काढायची, नोटिसा पोचवायच्या, सभेत कोपऱ्यात बसून कोण काय म्हणालं ते टिपायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याचं इतिवृत्त लिहायचं. गटाराच्या प्रश्नावर हातघाईवर आलेली माणसं त्यांच्या वहीत 'साधकबाधक चर्चा' करत असत. आई म्हणायची, आमच्या घरात भाजीसुद्धा सूचक-अनुमोदकाशिवाय होत नाही.

इथे त्यांना बोलायला कुणी नव्हतं. नातीशी ते मराठीत बोलत, ती इंग्रजीत उत्तर देई, आणि दोघंही थोड्या वेळाने दमून आपापल्या खोलीत जात. खिडकीतून मलेशियातल्या जोहोरच्या पुलाकडे जाणारे ट्रक दिसायचे, ते बघत बाबा उभे राहायचे. मला ते दिसायचं. दिसून मी चहा टाकायचे.

मग लेकीला शाळेत एक प्रकल्प मिळाला. नवऱ्याच्या कंपनीमुळे ती अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत होती, पाचवीत. अमेरिकेत वसाहत करायला गेलेल्या इंग्रजांनी तिथे राज्यकारभार कसा उभा केला, आणि त्यातलं काय काय घरून नेलेलं होतं, असा विषय. तिने यादी केली होती: बियाणं, हत्यारं, कपडे, बायबल. शिक्षिकेने खाली लिहिलं होतं, डोळ्यांना न दिसणारं काय नेलं, तेही शोध.

मला वेळ नव्हता, म्हणून मी तिला आजोबांकडे पिटाळलं. दुपारी दोघं जेवणाच्या टेबलाशी बसली. राजाने दिलेली सनद, राजाच्या वतीने गव्हर्नर, त्याचं सल्लागार मंडळ, आणि खाली लोकांनी निवडलेली सभा. परगणे, शेरीफ, ज्युरी, सगळं मायदेशातल्यासारखं. कुठे गावातले पुरुष एकत्र जमून रस्ता कुठून काढायचा नि डुकरं मोकळी सोडायची का, ते हात वर करून ठरवायचे. बाबा म्हणाले, अगं, हे तर आमचंच. तेच इंग्रज आमच्याकडेही आले, तीच वही आमच्या हातात देऊन गेले. कोरम, प्रोसीडिंग, सेकंडेड हे त्यांचे ऑफिसातले इंग्रजी शब्द लेकीच्या पुस्तकात होते. दोघांना अखेर एक भाषा सापडली.

यादीत 'सभेची रीत' असं एक कलम वाढलं. तिकडे आधीपासून राहणाऱ्या माणसांना त्या सभेत कुणी बोलावलं होतं का, हा प्रश्न बाबांनी तिला लिहून घ्यायला लावला. बायकांना मत नव्हतं, हे वाचून ती माझ्याकडे बघून हसली. आणि पुढे ते वसाहतवाले राजावर का उलटले, ते बाबांनी तिला एका वाक्यात सांगितलं. मी शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होते, म्हणून मला आठवतं.

"आपल्याबद्दल ठरवायचं, तर ठरवताना आपण तिथे हवं. एवढंच त्यांचं म्हणणं होतं."

प्रकल्पाचा भाग म्हणून घरी अशी सभा भरवून दाखवायची होती. बाबांना तेवढं निमित्त पुरलं. खालच्या दुकानातून जाड पुठ्ठ्याची वही आली, फ्रिजवर नोटीस लागली, सात दिवस आधी, नियमाप्रमाणे. मी गव्हर्नर, बाबा सचिव, नवरा आणि लेक सभासद. गणपूर्ती, म्हणजे कोरम, तिघांची. विषय चार: टीव्हीच्या वेळा, रविवारचं जेवण हॉकर सेंटरमध्ये की घरी, बाथरूमचा क्रम, आणि चौथा, 'आजोबांनी गावी परत जाणेबाबत'.

हा चौथा विषय नवा नव्हता. दिवाळीनंतर आमच्या गावात नगरपालिकेची निवडणूक होती. मतदान मी कधी चुकवलेलं नाही, मत देईन आणि मग तिथेच राहीन, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं. दोन खोल्यांचं घर होतं, किल्ली शेजारच्या वहिनींकडे होती, वाचनालय चालत जाण्यासारखं. हृदयाची गोळी चालू होती, पण सोबत कुणी असेल तर प्रवासाला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यातला 'सोबत' हा शब्द मी धरून ठेवला. सुट्टी मिळाली की बघू, लेकीची परीक्षा झाली की बघू. दोन्ही वेळा ते बरं म्हणाले.

रविवारी सकाळी सभा भरली. नवऱ्याला ऐनवेळी पाळीवर बोलावलं, त्यामुळे आम्ही तिघंच, गणपूर्तीपुरती. पहिले तीन विषय हसतखेळत झाले. लेकीने टीव्हीचा अर्धा तास वाढवून घेतला, मी गव्हर्नर असूनही हरले. मग बाबांनी चष्मा पुसला आणि चौथा विषय वाचला. वाचताना आवाज नेहमीचाच, ऑफिसातला. पण ते माझ्याकडे बघत होते, आणि मला कळलं की हा खेळ नाही. त्यांनी माझ्याशी बोलण्यासाठी त्यांना येत होती ती एकच रीत वापरली होती.

मी उठले. कुकर बघते म्हणाले. दारातून वळून म्हटलं, "आता तुम्ही दोघंच राहिलात. कोरम संपला, सभा तहकूब."

लेक ओरडली की हे चीटिंग आहे. बाबा मात्र हसले. नको तो विषय आला की उठून जायचं, हे आमच्या नगरसेवकांचं जुनं अस्त्र आहे, असं ते तिला सांगत होते. आणखीही काही समजावत होते, शिट्टीत मला ऐकू आलं नाही. कुकरला अजून दोन शिट्ट्या बाकी होत्या. मी तिथेच उभी राहिले. वेळ मारून नेल्याचं मला बरं वाटलं, हेही लिहायला हवं.

पुढच्या रविवारी माझं बँकेचं काम निघालं. त्याच्या पुढच्या रविवारी कुणाकडे तरी बारसं होतं. बाबांनी दोन्ही वेळा फ्रिजवरच्या नोटिशीतली तारीख खोडून नवी घातली.

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी दुपारी लेक शाळेतून आली तर दार कुणी उघडेना. तिने स्वतःच्या किल्लीने उघडलं. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. समोरच्या चिनी आजींना बोलावून तिने ॲम्ब्युलन्सला फोन केला, मग मला. टॅक्सीपेक्षा लवकर पोचेन म्हणून मी एमआरटीत बसले. एकेक स्टेशन येत होतं, दारं उघडत होती, माणसं शिस्तीत आत-बाहेर करत होती, आणि मी मनात बाबांना एकच सांगत होते, थांबा, या रविवारी नक्की. ते थांबले नव्हते. दुपारच्या चहाआधीच गेले होते.

शुक्रवारी मंडाईच्या स्मशानभूमीत सगळं झालं, शनिवारी अस्थी मिळाल्या. नवऱ्याने होडीची चौकशी केली. इथेही लोक समुद्रात अस्थी सोडतात, काही अडचण नसते, एका सकाळीत होतं. मी हो म्हटलं. रजा, लेकीची शाळा, सगळं डोक्यात होतं. बाबांबद्दल पुन्हा एकदा मी ठरवलं होतं.

रविवारी सकाळी लेकीने ती जाड वही टेबलावर आणून ठेवली. फ्रिजवरच्या नोटिशीवर त्याच दिवसाची तारीख होती. मी म्हटलं, बाळ, आता कसली सभा, आजोबा नाहीत.

"आजोबा सेड," ती म्हणाली, "तहकूब सभेला नो नीड कोरम. जेवढे असतील तेवढे चालतात."

तहकूब हा शब्द तिने अगदी त्यांच्यासारखा उच्चारला. त्या दिवशी कुकर शिट्टी देत होता तेव्हा ते तिला हे समजावत होते. मी उठून गेले तरी विषय मरत नाही, पुढच्या वेळी मला तो थांबवता येणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणूनच ते हसले होते.

मी वही उघडली. त्यांचं ते उजवीकडे किंचित कललेलं अक्षर.

'विषय क्र. ४ : आजोबांनी गावी परत जाणेबाबत. सूचक : आजोबा.' पुढे 'अनुमोदक', आणि तिथे वाकड्यातिकड्या देवनागरीत माझ्या लेकीचं नाव, वेलांटी चुकलेली. तिने आपलं नाव मराठीत लिहिलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. खाली : 'चर्चा सुरू असता मा. गव्हर्नर सभागृह सोडून गेल्याने गणपूर्तीअभावी सभा तहकूब.'

तिला विचारलं, आजोबा जावेत असं तुला वाटत होतं? तिने नकारार्थी मान हलवली. तिला ते इथेच हवे होते. पण आजोबा वॉन्टेड टू गो होम, आई, म्हणून मी सही केली. एवढं बोलून ती रडायला लागली. तीन दिवसांत पहिल्यांदाच.

नवरा फोन ठेवून टेबलाशी येऊन बसला. मी विषय मोठ्याने वाचला. तिचा हात वर गेला, मग त्याचा. माझा हात उचलायला मला वेळ लागला. मग मी त्याखाली लिहिलं, 'विषय सर्वानुमते मंजूर', आणि होडीवाल्याला नको म्हणून कळवलं.

मंगळवारी मी बाबांना घेऊन गावी पोचले. कलश मांडीवर होता, मी सोबत होते, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. शेजारच्या वहिनींनी किल्ली दिली. कडीला एक कागद खोचलेला होता, मतदाराची चिठ्ठी. बाबांचं पूर्ण नाव, यादीतला क्रमांक, नगरपालिका शाळा, खोली दोन. मतदान रविवारी होऊन गेलं होतं. वहिनी म्हणाल्या, चिठ्ठी वाटायला आलेला मुलगा विचारत होता, काका येणारेत ना या वेळी? वहिनींनी त्याला सांगितलं होतं, येणारेत, त्यांची लेक आणणार आहे, त्यांनी मला फोनवर सांगितलंय.

मी दार उघडलं आणि त्यांना आत नेलं.