पेशंट इकडं बसली हाय

बायकोच्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट मी कूलरमध्ये लपवला होता. दिवाळी नुकतीच झालेली, कूलर जुनी चादर पांघरून जिन्यात उभा, आणि उन्हाळ्यापर्यंत त्याच्या वाटेला कुणी जाणार नाही, असा माझा हिशेब. उन्हाळ्यात काय करायचं याचा विचार केला नव्हता. तिला सांगितलं की गाठ साधी आहे, गोळ्यांनी विरघळेल, आणि शक्तीच्या गोळ्या आणून दिल्या. इथवर मी स्वतःला फार हुशार आणि त्याहून जास्त प्रेमळ समजत होतो. मग मन हलकं करायला म्हणून अकोल्याच्या मावशीला फोन केला आणि माझी हुशारी तिथेच संपली. कारण अकोल्यापासून अमरावतीपर्यंतच्या मुलखात माझ्या मावशीइतकी संतापी बाई आजवर झालेली नाही, आणि तिचा संताप नेमका जिथे इतर सगळे हळू आवाजात बोलतात तिथेच सुरू होतो.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. अकोल्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून उभी हयात गेली, त्यामुळे समोर बसलेल्या माणसाशीही ती बाळापूरच्या पलीकडे ऐकू जाईल अशा बेताने बोलते. समोरचा भरकटला की दोन बोटांनी हवेतली पिन उपटल्यासारखं करते आणि म्हणते, “लाइन कट.” त्यानंतर तुम्ही देव का असाना, संध्याकाळपर्यंत जोडणी मिळत नाही. माझ्या लग्नात तिने व्याह्यांची लाइन मंगलाष्टकांच्या आधीच कापली होती. ती जोडायला मला दोन वर्षं लागली.

पंधराएक वर्षांपूर्वी तिचं स्वतःचं ऑपरेशन झालं. एक स्तन काढला. निवृत्तीनंतर घरात बसून पापड लाटावेत, तर ही दर मंगळवारी पहिल्या एसटीने निघते आणि अमरावतीला कॅन्सरचे पेशंट येतात त्या दवाखान्याच्या बाकावर ठाण मांडते. तिला कुणी नेमलेलं नाही, आणि काढायची हिंमतही कुणात नाही. पिशवीत स्टेपलर, रेशनकार्डाच्या झेरॉक्स कशा लावायच्या त्याचा नमुना, एसटीच्या सवलतीचा फॉर्म, नातेवाइकांनी मुक्काम कुठे करावा त्या धर्मशाळांची यादी. सरकारी योजनेच्या खिडकीवरचा माणूस “उद्या या” म्हणाला की ही त्याला विचारते, उद्या म्हणजे किती वाजता, आणि खिडकीसमोरच डबा उघडून जेवायला बसते. पिशवीत आणखी एक वस्तू असते, ती तिने स्वतः शिवलेली. सुती कापडात आपल्याच वऱ्हाडचा कापूस, वजनाला मोहरी. ब्लाउजच्या रिकाम्या बाजूला घालायची. बाजारातली मिळत नाही, मिळाली तर परवडत नाही, म्हणून ही बाकावर बसून बायांना शिवायला शिकवते. एकदा मी तिला भेटायला गेलो तर तिने ती माझ्या हातात टाकली आणि भर वऱ्हांड्यात म्हणाली, “धर, वजन बरोबर वाटते का सांग.” मी शाळेत गणित शिकवतो. वजनाचं उत्तर मला त्या दिवशी आलं नाही.

तर फोन केल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती अमरावतीला, राजापेठेत आमच्या दारात उभी. चप्पल काढण्याआधी तिने रिपोर्ट मागितला. माझी आई, शेजारचे काका आणि खुद्द बायको यांच्यादेखत मला जिन्यात जाऊन कूलर उघडावा लागला. मागल्या उन्हाळ्याच्या वाळलेल्या खसाच्या गवताचा वास लागलेला तो कागद मावशीने वाचला, तारीख पाहिली, बोटांवर दिवस मोजले. अठरा. मग बायकोला शेजारी बसवून तिने एका दमात सगळं सांगितलं. कॅन्सर हा शब्द आमच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला गेला. तोवर आम्ही “ते” म्हणत होतो.

बायको रडली नाही. तिने फक्त विचारलं की हे कुणाकुणाला माहीत आहे. मी नावं घ्यायला लागलो. आई, काका, तिचे दोन्ही भाऊ, माझे मुख्याध्यापक, केमिस्ट. आकडा अकरावर गेला.

“दूधवाल्यालेही?” ती म्हणाली.

दूधवाला गेले दोन आठवडे माप जरा वरून देत होता.

त्यानंतर ती माझ्याशी चार दिवस बोलली नाही आणि मावशी चार दिवस आमच्याकडे राहिली. भेटायला येणाऱ्यांचं तिने काय केलं ते आमच्या गल्लीत अजून सांगतात. “कुणाचं वाईट केलं होतं का” असं विचारणाऱ्या बाईला तिने पाणीही न देता परत पाठवलं. शेजारचे काका अचलपूरहून कुणा वैद्याचा काढा घेऊन आले. सुई नको, चिरफाड नको, तीन महिन्यांत गाठ साफ, म्हणाले. मावशीने पेला मागवला, भरला आणि काकांपुढे ठेवला. इतका गुणकारी आहे तर आधी तुम्ही घ्या. काका भिडस्त, प्यायले. पुढचे दोन दिवस त्यांच्या घराचं मागलं दार सारखं वाजत होतं. मला हसू आलं तेव्हा मावशी माझ्याकडे वळली. “हसू नको. यानं बाटली आणली, तू कूलर. तिचे दिवस दोघायनं खाल्ले.”

पाचव्या दिवशी आम्ही तिघं मावशीच्या त्याच दवाखान्यात डॉक्टरांपुढे बसलो. डॉक्टर सज्जन होते, पण बोलत होते माझ्याशी. म्हणाले, दोन मार्ग आहेत. पूर्ण स्तन काढायचा, किंवा फक्त गाठ काढून मग काही आठवडे रोज रेडिएशन, म्हणजे ज्याला आपल्याकडे शेक म्हणतात तो द्यायचा. यांच्या बाबतीत दोन्ही चालतील. खात्री जवळजवळ सारखीच. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हणालो, “पूर्ण काढून टाका साहेब, कटकटच नको.”

मावशीने टेबलावर हात आपटला. पेन उडून खाली पडलं.

“डॉक्टरसाहेब, पेशंट इकडं बसली हाय.” मग माझ्याकडे न बघता, “याले बाहेर काढा.”

कुणी काढायच्या आत मी बाहेर आलो. थोड्या वेळाने तीही आली आणि दार ओढून घेतलं. आत आता डॉक्टर आणि माझी बायको, दोघंच. मी म्हणालो, मावशी, मी तिच्या भल्यासाठीच बोललो. मला वाटलं लाइन कट होणार. पण ती बाकावर बसली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज समोरच्या माणसापुरता झाला.

“माह्या फॉर्मवर सही कोनाची होती रे बाबू?”

माझी होती. जवळचा नातेवाईक म्हणून. आई आणि मी तिला सांगितलं होतं की छोटंसं ऑपरेशन आहे, गाठ काढतील, आठवड्यात ड्युटीवर जाशील. भुलीतून जागी झाल्यावर तिने हात छातीकडे नेला तेव्हा मी तिथेच संत्रं सोलत उभा होतो. तिने त्यावर कधी शब्द काढला नाही, आणि ती सही तिला कळलीच नसावी अशा सोयीने मी ती विसरून गेलो होतो.

“मी काढूच म्हनलं असतं,” ती म्हणाली. “पन कोनी इचारलं नाई. आता तू दुसऱ्यांदा करून राह्यला.”

मग तिने स्टेपलर काढला आणि पलीकडच्या एका बाईची फाइल ओढून घेतली. मी तिच्या शेजारी बसून होतो, आणि मावशीच्या पंधरा वर्षांच्या संतापावर आपण आजवर चारचौघांत किती गमती सांगितल्या ते आठवत होतो.

अर्ध्या तासाने बायको बाहेर आली. फक्त गाठ काढायची, मग शेक, असं तिने ठरवलं होतं. रोज यायला लागेल, ती म्हणाली, तर येईन. मावशीने मान हलवली, एसटीचा फॉर्म तिच्या हातात दिला, आणि अकोल्याची गाडी गाठायची म्हणून पिशवी उचलून ताडताड निघूनही गेली. मागून पाहिलं तर एक खांदा किंचित उतरलेला. मोहरी कमी पडली असेल.

स्कूटरवर मी बायकोला सहीचं सगळं सांगितलं. गाडी चालवताना सांगितलं, कारण तिच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही. राजापेठेच्या गर्दीत स्कूटर हळू झाली. मी म्हणालो, माझं चुकलं, मला माफ कर.

“मावशीची माफी मागितली का कधी?”

“नाही.”

“मंग आधी तिची मागा,” ती म्हणाली. “ती सत्तरीची झाली. माह्यापाशी अजून वेळ हाय.”