पुलाच्या अलीकडे

फ्रान्समधल्या सोम्यूर नावाच्या नदीकाठच्या गावाबद्दल या पृथ्वीतलावर सगळ्यात जास्त माहिती असलेला माणूस साउथहॅम्प्टनमध्ये राहतो, आणि ते माझे मामेसासरे आहेत. म्हणजे हिचे मामा. हे मी म्हणत नाही, ते स्वतःच म्हणतात, आणि खोटं ठरवायला सोम्यूरचा एकही माणूस अजून आमच्याकडे आलेला नाही. किल्ल्याची टेकडी कशी, नदीतलं बेट कुठे, कोणत्या गल्लीतून कोणत्या गल्लीत निघता येतं, पूर आला की पाणी आधी कोणाच्या दारात जातं, सगळं मामांना तोंडपाठ. फक्त एक बारीकशी अडचण होती. मामा तिथे कधी गेलेच नव्हते.

हे खूळ सुरू झालं एका चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे लोकांनी दान केलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या दुकानात. मामींनी मामांना जुनी किटली टाकून यायला पाठवलं होतं. मामा किटली देऊन आले आणि येताना सोम्यूरचं एक जुनं मार्गदर्शक पुस्तक घेऊन आले. दुसरं कोणी असतं तर चाळून फडताळात टाकलं असतं. पण मामा मूळचे सांगलीचे, तिथल्या शाळेत भूगोल शिकवत होते. मामींना इथल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली म्हणून मास्तरकी सोडून इकडे आले आणि शहर बसवर ड्रायव्हर झाले. इतकी वर्षं कोंडलेला भूगोल त्या पुस्तकानं असा काही मोकळा झाला, की विचारू नका.

मामांना मी कधी स्वस्थ बसलेलं पाहिलं नाही. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं, टीव्हीवरच्या बातम्या तर येरझाऱ्या घालत. "मामा, बसा की जरा," म्हटलं तर म्हणायचे, "जावईबापू, आयुष्यभर बसूनच होतो, बसमध्ये. आता बसायचा कोटा संपला." रिटायर झाल्यावरसुद्धा ते रोज आपल्या जुन्या रूटवरून पायी चालत आणि स्टॉपवर उभं राहून ड्रायव्हर पोरांना किती उशीर झाला ते सांगत. ते संपलं की बंदरावर जात. कुठलं जहाज कुठे चाललंय ते बघत आणि घरी येऊन मामींना विनाकारण सांगत, "आज एक सुटलं बघ फ्रान्सकडे." मामी भाजी चिरता चिरता म्हणत, "मग बसायचं होतं त्यात. इथे का आलात?"

त्यांच्याकडे जेवायला जायचं म्हणजे भूगोलाची तोंडी परीक्षा. भाताची मूद म्हणजे किल्ला. मूद मोडायला हात नेला की मामा ओरडत, "थांबा! तो किल्ला एके काळी तुरुंग होता, माहितेय?" भाताच्या कडेनं वरण ओतायचं, ती ल्वार नदी. वरणात लिंबाची फोड, ते बेट. फोडीच्या दोन्ही बाजूंना पोळीचे तुकडे आडवे टाकायचे, ते दोन पूल. नदी पश्चिमेला वाहते म्हणून एकदा त्यांनी मला ताटासकट खुर्ची फिरवायला लावली होती. मी फिरवली. करणार काय? सासरची माणसं.

उच्चाराच्या बाबतीत तर दयामाया नाही. मराठी मंडळाच्या गणपतीत कोणीतरी भला माणूस त्यांच्यासमोर "सौमुर" म्हणाला. झालं! मामांनी आरतीला जमलेल्या सगळ्यांना ओठांचा चंबू करायला लावला. "सो-म्यूर! म्यू! चंबू, चंबू करा, लाजताय काय?" दोन डॉक्टर, एक अकाउंटंट आणि आयटीतली सहा-सात मंडळी चंबू करून गणपतीपुढे उभी होती. मश्रूमचं तर मामांना वैयक्तिक दुःख होतं. सोम्यूरच्या टेकड्यांमधून पांढरा मऊ दगड काढून घरं बांधली, आणि दगड काढून झाल्यावर ज्या गुहा उरल्या त्यांत लोक मश्रूम पिकवायला लागले. पण त्या मश्रूमला नाव मात्र पॅरिसचं. "राबायचं सोम्यूरनं आणि मिरवायचं पॅरिसनं!" असं ते सुपरमार्केटमध्ये मोठ्यानं म्हणत. पाकिटावर आयर्लंड लिहिलेलं असे, ते त्यांना दिसत नसे.

एवढं असून जायचं नाव काढलं की मामांची तयारी कधी पूर्णच नसायची. कधी नदीला पाणी कमी, कधी त्यांचं फ्रेंच कच्चं, कधी पुस्तकातलं एखादं प्रकरण परत वाचायचं राहिलेलं. मामी चिडवत, "गाव पळून जाणारे का? की तुम्हालाच भ्या वाटतंय?" मला वाटतं, मामी बरोबर होत्या. इतक्या लांबून इतका जीव लावलेलं गाव प्रत्यक्षात वेगळं निघालं तर काय, ही धास्ती त्या माणसाला होती.

मग मागल्या वर्षी मामी विसरायला लागल्या. आधी आमटीत दोनदा मीठ. मग किल्ल्या फ्रिजमध्ये. मग एकदा हिच्याशी फोनवर बोलता बोलता हिचंच नाव. जीपीनं, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरनं, मेमरी क्लिनिकला पाठवलं, आणि तिथून पत्र आलं तेव्हा मी त्यांच्या घरीच होतो. आजार सुरुवातीचा आहे, पण आहे, असं त्यात लिहिलेलं. मामांनी ते उभ्यानं वाचलं, घडी घातली, परत उघडून वाचलं. स्वयंपाकघरात तीन फेऱ्या मारल्या. मग मला बाहेर पॅसेजमध्ये ओढून म्हणाले, "जावईबापू, गाडी काढा. हिला आठवतंय तोवर हिला सोम्यूर दाखवायचंय. चौदा वर्षं तिनं माझी बडबड ऐकलीय. उद्या तीच विसरली तर मी कुणाशी बोलू?" मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. "काढतो," एवढंच म्हणालो.

हिला रजा नव्हती, म्हणून आम्ही तिघंच निघालो. पोर्ट्समथहून बोट आणि मग गाडी. रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवायचं म्हणून माझी आधीच तंतरलेली, त्यात शेजारी आयुष्यभर बस चालवलेला माणूस. "राइट! राइट! अहो, मरताय का?" मागच्या सीटवर मामी निवांत दाण्याची चिक्की खात होत्या. "यांना गप्प बसवायला बस लागायची. तिथे हे बोलायला लागले की पॅसेंजर घंटी वाजवायचे," त्या मला म्हणाल्या.

संध्याकाळी पोचलो. आमची खोली बेटावर होती. खिडकीतून नदी, तिच्यावर पूल, पुलापल्याड जुनं गाव आणि वर पांढरा किल्ला. मामा खिडकीशी उभे राहिले ते हलेचनात. गाव अगदी त्यांनी सांगितलं होतं तसंच होतं. मीच मूर्खासारखा म्हणालो, "मामा, वरण जरा जास्तच झालंय," तेव्हा कुठे हसले.

सकाळी नाश्त्याला मामी म्हणाल्या, "तुम्ही दोघं किल्ला चढून या. माझे गुडघे नाही म्हणतात. मी जरा दुकानं बघते आणि साडेअकराला पुलाच्या अलीकडे थांबते." मामा घुटमळले. "एकटी?" "अहो, मी काय कुक्कुलं बाळ आहे? एवढं आठवतं अजून मला." आम्ही निघालो.

किल्ल्यावर मामांनी मला काय काय सांगितलं ते लिहीत बसत नाही, पण सव्वाअकराला आम्ही जवळजवळ पळतच खाली उतरलो. पुलाच्या तोंडाशी मामी नव्हत्या. पावणेबारा झाले. बारा झाले. मी मामींना फोन लावला तर उचलेनात, मग आठवलं, तो खोलीत चार्जिंगला लावलेला. मामांचा चेहरा पांढराफटक पडला. "विसरली. कुठे थांबायचं ते विसरली ती. कशाला सोडलं मी तिला?" आणि तो माणूस धावत सुटला. या गल्लीतून त्या गल्लीत, चौकात, चर्चमध्ये, प्रत्येक बोळाचं नाव माहीत, प्रत्येक बोळ रिकामा. "चौदा वर्षं पाठ केलं," एका भिंतीला हात टेकून ते म्हणाले, "काय उपयोग? माझी एक बायको सापडत नाही या गावात."

चौकात एक पोलीस दिसला. मामा त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. त्यांचं सगळं फ्रेंच त्या पुस्तकातलं, दगडांचं आणि तटबंदीचं. बायको हरवली म्हणजे काय म्हणायचं, ते त्यात नव्हतं. शेवटी म्हणाले, "माझी बायको..." आणि सवयीनं जीभ पुढे घसरली, "अकराव्या शतकातली..." हे दोन शब्द किल्ल्यासंदर्भात मी हजारदा ऐकलेले, म्हणून मला कळले. पोलीस मात्र बुचकळ्यात पडला. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी हसून लोळलो असतो. त्या दिवशी मी मामांचा दंड धरून त्यांना बाजूला नेलं.

"मामा, पुलाच्या पलीकडे बघूया का एकदा?" मी म्हटलं. मामा माझ्यावर खेकसले, "पलीकडे कशाला? ती अलीकडे म्हणाली होती!"

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मामी हे बोलल्या ते बेटावर, चहा पिताना. त्यांचं अलीकडे म्हणजे बेटाकडची बाजू. पण मामांच्या मनात मामा गेली चौदा वर्षं जुन्या गावातच राहत होते. त्यांचं अलीकडे किल्ल्याखाली. उरलेलं जग पलीकडे. मी त्यांचा हात धरला आणि पुलावर चालायला लागलो. अर्धा पूल ओलांडल्यावर पलीकडच्या टोकाला बाकावर निळी साडी दिसली, आणि मामा माझा हात सोडून पळाले.

"केव्हाची बसलेय मी," मामी म्हणाल्या. "साडेअकरा म्हणजे साडेअकरा. कुठे होतात?" मामा धापा टाकत त्यांच्यासमोर उभे राहिले. त्यांच्याकडे बघता बघता मामींना सगळं उमगलं. त्यांचा आवाज बदलला. "अहो, मी विसरले असं वाटलं ना तुम्हाला? मी नव्हते विसरले. अलीकडे म्हटलं होतं मी. इथेच आहे."

"नाही विसरलीस. मी चुकलो गं," मामा म्हणाले, आणि बाकावर बसले. चक्क बसले. दुपार कलेपर्यंत तिथून उठले नाहीत. बसल्या बसल्या मामींनी काय काय पाहिलं ते विचारत राहिले, आणि मामी सांगत होत्या, नदीत उघडे पडलेले वाळूचे पट्टे, त्यावर उतरलेले पक्षी, होडी बांधायला आलेला आणि मामींशी फ्रेंचमध्ये खूप वेळ भांडलेला एक म्हातारा. यातलं एकही पुस्तकात नव्हतं. मामांनी मधे एकदाही चूक काढली नाही.

आता मामींचं बरंच पुसत चाललंय. फ्रान्सला गेलो होतो, हेसुद्धा त्यांना कधी आठवतं, कधी नाही. घरी कोणी आलं की मामा मात्र किल्ला सोडून हीच गोष्ट सांगतात. परवा आम्ही गेलो तेव्हाही सांगितली. बायको ठरल्या जागी बसून होती आणि नवरा गावभर बोंबलत फिरत होता, असं. मामी अगदी मन लावून ऐकत होत्या. गोष्ट संपायच्या आधीच काळजीनं त्यांनी मामांची बाही ओढली.

"मग ती बाई सापडली का हो?"

"सापडली की," मामा त्यांच्या शेजारी बसत म्हणाले. "ती जागची हललीच नव्हती."