थरथरत्या रेघेखालचं नाव

सुजाताचा फोन आला तेव्हा मी मुलाच्या गाडीत होतो. फ्रीवेवर नेहमीसारखी कोंडी, मुलगा मीटिंगला उशीर होतोय म्हणून वैतागलेला आणि मी त्याला, जरा आधी निघायला काय होतं, हे ऐकवत होतो. "काका, बाबा गेले. झोपेतच," एवढंच ती म्हणाली. मी "बरं" म्हणालो. असं कोणी म्हणतं का... पण माझ्या तोंडून तेवढंच निघालं. याला आता दीड महिना झाला. फ्रीमाँटच्या तळ्याकाठी आमचा एक बाक आहे, तिथे मी अजूनही जातो आणि मनातलं बोलायला कोणी नाही म्हणून लवकर परततो. सुजाताचे वडील, रमाकांत शेंदरे, या माणसाबद्दल कोणीतरी लिहायला हवं होतं. इथे त्यांना ओळखणारे मोजकेच, त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं.

इथे परदेशात मुलांकडे राहायला आलेल्या आम्हा आईबापांची तळ्याकाठी रोज बैठक जमते. मुलं ऑफिसला, नातवंडं शाळेत, आणि आम्ही एकमेकांना आपापली जुनी पदं सांगत बसतो. मी पुण्यात बॉयलर डिझाइन करायचो, हे तिथे सगळ्यांना पाठ आहे. शेंदरे नवीन आले तेव्हा त्यांनी फक्त, "मी इंग्लंडमध्ये लहान मुलांच्या कॉमिक्ससाठी चित्रं काढायचो," एवढंच सांगितलं. मला ती थाप वाटली. नागपूरचा माणूस, आणि गोऱ्या पोरांना हसवायला तिकडे गेला? मी कॉमिकचं नाव विचारलं, लगेच फोनवर शोधलं आणि विजयी मुद्रेने म्हणालो, "शेंदरे, इथे तर भलत्याच माणसाचं नाव आहे." ते शांतपणे म्हणाले, "असणारच. तो आजारी पडला, वारला, आणि त्याच्या जागी मी काढत राहिलो. वाचकांना ते कळू द्यायचं नव्हतं."

हळूहळू सगळं कळलं. मुंबईत कमर्शियल आर्ट शिकून ते लंडनला गेले आणि मुलांच्या एका साप्ताहिकात पात्रांच्या बोलण्याच्या फुग्यांमधली अक्षरं लिहायच्या कामाला लागले. त्या साप्ताहिकात एक खोडकर मुलगा आणि त्याचा हंस मिळून हेडमास्तरांना सळो की पळो करत, आणि ते पान पोरांचं फार लाडकं होतं. ते काढणारा चित्रकार आजारी पडला तेव्हा संपादकाने शेंदऱ्यांना विचारलं, "निभावशील का?" पुढे तो चित्रकार गेला आणि ते पान शेंदऱ्यांकडेच राहिलं, थेट साप्ताहिक बंद पडेपर्यंत. पण पानावर नाव त्या मूळ चित्रकाराचंच छापलं जायचं, दुसऱ्याने सही करायची पद्धतच नव्हती. मुलांची कौतुकाची पत्रं यायची, तीही गेलेल्या माणसाच्या नावाने. चित्रातल्या मुलाचं नाक जरासं वेगळं झालं तर ऑफिसातलं कोणीतरी त्यावर पांढरा रंग लावून ते 'दुरुस्त' करायचं, आणि शेंदरे नुसती मान डोलवायचे.

एकदा बाकावर त्यांनी मला एक गंमत दाखवली. तो मूळचा चित्रकार डावखुरा होता. त्यामुळे सावली दाखवायच्या त्याच्या बारीक तिरक्या रेघा उलट्या बाजूला कलायच्या. उजव्या हाताने तसा कल येत नाही. म्हणून शेंदरे दर वेळी कागद आडवा फिरवायचे, सावली भरायचे, पुन्हा सरळ करायचे. पुढे ही सवय इतकी मुरली की सुजाताकडे वाणसामानाची यादी करतानाही त्यांचा हात कागद फिरवायला जायचा. मी म्हणालो, "अहो, मग तुमची स्वतःची रेघ कशी आहे?" त्यांनी बराच विचार केला. "आठवत नाही, कुलकर्णी... खरंच आठवत नाही," ते म्हणाले. त्या दिवशी मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं. चेष्टा करायचंही सुचलं नाही.

बायको गेल्यावर ते इथे लेकीकडे राहायला आले होते. येतानाच उजव्या हाताला कंप सुटला होता. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे. अशात इथल्या आमच्या मराठी मंडळाने दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ त्यांच्याकडे मागितलं. मी म्हटलं, आता हे नाही म्हणणार. पण ते हो म्हणाले आणि घरात दार लावून बसले. सुजाता काळजीत पडली. "काका, बाबा कागदामागून कागद फाडताहेत यार, मला बघवत नाही," असं तिने मला फोनवर सांगितलं.

शेवटी त्यांनी मला घरी बोलावून चित्र दाखवलं. नातवाच्या स्कूटरवर उभे राहिलेले एक आजोबा इथल्या टाउनहाउसांसमोरच्या उतारावरून सुसाट निघालेत, हातातला डबा उघडलाय आणि चकल्या हवेत उडताहेत. चित्र भन्नाट होतं, पण रेघ न् रेघ थरथरलेली. आजोबांना थंडी वाजतेय की काय असं वाटावं. "कागद फिरवला नाही," ते म्हणाले. "फिरवून बघितला, पण या हाताला आता कोणाची नक्कल जमत नाही. जे येतंय ते माझंच आहे बहुतेक..." खाली कोपऱ्यात त्यांनी नाव लिहिलं होतं, पूर्ण नाव, देवनागरीत. तेही थरथरलेलं.

अंकाचं काम अनिकेत बघत होता. गुणी मुलगा, क्युपर्टिनोला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याने आठवड्याभरात मला प्रूफ पाठवलं आणि मागोमाग फोन केला. "काका, लाइन्स जरा शेकी होत्या ना, मी त्या स्मूथ केल्या. सहीपण क्लीन केलीय. आता एकदम प्रो लुक आलाय. शेंदरेकाकांना दाखवाल?" खरं सांगायचं तर चित्र सुरेख दिसत होतं. मी ते बाकावर नेलं. शेंदऱ्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला आणि रेघ न् रेघ नीट पाहिली. मला वाटलं, हा माणूस आताही मान डोलावणार, जन्मभर डोलावत आलाय तशीच. मग म्हणाले, "छान आहे. पण हे कोणी काढलंय? मी नाही." आणि त्यांनी माझ्याच फोनवरून अनिकेतला गाठलं. आवाज चढवला नाही. "अनिकेत, मी काढलंय तसंच छापा. जमत नसेल तर छापू नका, माझा राग नाही." एवढं बोलून त्यांनी फोन मला परत दिला. अनिकेत बिचारा सॉरी, सॉरी म्हणत राहिला आणि त्याने खरोखरच जसंच्या तसं छापलं.

दिवाळीच्या कार्यक्रमात हॉलच्या दारातच अंक वाटत होते. आम्ही दोघं कडेच्या खुर्च्यांवर बसलो होतो. पुढच्या रांगेतल्या एक बाई अंक उलटसुलट करून शेजारणीला म्हणाल्या, "या वर्षी कव्हर जरा घाईत केलंय का गं? कोण हे रमाकांत शेंदरे? सरळ रेघ मारता येत नाही त्यांना." माझं डोकं सणकलं. मी उठून काहीतरी सुनावणार तेवढ्यात शेंदऱ्यांनी माझा सदरा धरून मला खाली बसवलं. बघतो तर ते हसत होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "कुलकर्णी, ऐकलंत ना? नाव घेऊन बोलल्या," ते म्हणाले. "इतकी वर्षं लोकांनी कौतुक केलं ते त्याचं केलं. पण आज नावं ठेवली ती मला..." नंतर जेवताना त्यांनी दोनदा श्रीखंड घेतलं, सुजाता डोळे वटारत असताना.

ते गेल्यावर सुजाताच्या घरी बुद्धवंदना झाली. फोटोशेजारी तिने तो अंक ठेवला होता. निघताना तिने मला मूळ चित्र दिलं. मी नको म्हणत होतो, तिने ऐकलं नाही. आता ते आमच्या दिवाणखान्यात आहे. जवळ जाऊन पाहिलं की आजोबांच्या कोटावरच्या सावलीच्या रेघा दिसतात, उजव्या हाताने काढणाऱ्या माणसाच्या पडाव्यात तशा पडलेल्या. मुलाचे मित्र येतात, चित्र बघतात आणि हमखास म्हणतात, "काका, सो क्यूट! नातवाने काढलं का?" एरवी मी अशा प्रश्नांवर खेकसलो असतो. पण मी उठतो, चष्मा लावतो आणि कोपऱ्यावर बोट ठेवून त्यांना ते नाव वाचायला लावतो. पूर्ण नाव, मोठ्याने.