अमीनच्या खिळ्यावरच्या किल्ल्या

आमच्या सोसायटीसमोर अमीनचं इस्त्रीचं दुकान आहे. तिथल्या खिळ्याला आमच्या सात बिऱ्हाडांच्या किल्ल्या लटकतात. अमीन म्हणजे विश्वासू. पूर्वी अरब लोक प्रवासाला निघताना ज्याच्या हवाली चीजवस्तू करत, त्याला अमीन म्हणत. हा अर्थ आमच्याकडे कुणाला शिकवायला नको.

काल सोसायटीच्या सभेत त्याला भाड्याने घर द्यायचं नाही असं ठरलं. सेक्रेटरी म्हणाले, "माणूस चांगला आहे हो, पण नाव बघा ना." मला या लोकांची किळस आली. मान मात्र मीही डोलावली.

आज गावी निघताना सवयीने किल्ली त्याच्यापुढे धरली. कालचं त्याला कळलं होतं. त्याने ती खिळ्याला अडकवली आणि म्हणाला, "कुंड्यांना पाणी घालतो, काका."