मोठ्या बाई पडायच्या तेव्हा

मोठ्या बाईंच्या नाकाशी मी चप्पल धरली होती, हे आमच्या शाळेत नवा शिक्षक रुजू झाला की त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं जातं. चप्पल माझीच होती आणि बाई आमच्या मुख्याध्यापिका होत्या. झालं असं, की मधल्या सुट्टीत मी चहासाठी निघालो होतो आणि व्हरांड्यात समोरून येणाऱ्या बाई अचानक खाली बसल्या, आडव्या झाल्या आणि हातपाय झाडायला लागल्या. मी घाबरलो. घाबरलेला माणूस लहानपणी जे पाहिलेलं असतं तेच करतो. मी पायातली चप्पल काढली, गुडघे टेकले आणि ती त्यांच्या नाकाशी नेली.

बाईंनी एक डोळा उघडला.

"चप्पल काऊन, सर?"

"वासानं शुद्ध येते म्हणतात, बाई."

"कोण म्हणते?"

"सगळेच म्हणतात."

"आन् आली का मले शुद्ध?"

"आली ना! बोलून राह्यल्या तुम्ही."

बाई पडल्या पडल्याच इतक्या हसल्या, की सहावीचा अख्खा वर्ग खिडकीला लटकला. मग उठल्या, पदर झटकला आणि म्हणाल्या, "चला, सुरुवात कुठून करा लागते ते समजलं."

त्या दिवसापासून बाई पडायला लागल्या. कधी जिन्यापाशी, कधी खिचडीच्या रांगेत, एकदा तर परिपाठात, प्रतिज्ञा संपता संपता. अंगानं भरलेल्या, कडक इस्त्रीची सुती साडी नेसणाऱ्या, लोणारकडच्या बाई. असं माणूस स्वतःहून जमिनीवर पडतं, हे आम्हाला आधी बघवायचं नाही. मग आम्हाला त्याचं कुतूहल वाटायला लागलं. आज कुठं? आज काय? भाजलं, घास अडकला, की फिट? फरशी पुसलेली असेल तिथंच बाई पडतात, असा शोध मी लावला होता. तो मी शिपाई गजाननभाऊंना सांगितला, आणि दुसऱ्या दिवशी ते हातात पोछा घेऊन ऑफिसच्या दारात उभे. "बाई, आज कुठं पुसू?"

या सगळ्याचं कारण बालवर्गात बसत होतं. आरोही तिचं नाव. तिला फिट यायच्या. औषध चालू होतं, तरी अधूनमधून यायच्या. आमच्याकडे येण्याआधी दोन ठिकाणी तिला घेतलं नव्हतं. आमच्या स्टाफरूममध्येही तोच सूर होता, आणि त्यात माझा आवाज काही लहान नव्हता: उद्या काही झालं तर कोणाच्या अंगावर? बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि तिला प्रवेश दिला. पण तिच्या आईचा आमच्यावर भरवसा नव्हता. उंद्रीच्या अलीकडे त्यांचा भाजीचा मळा. वांग्याची तोडणी सासूवर टाकून ती रोज शाळा सुटेपर्यंत फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली बसून राहायची. हातात पाण्याची बाटली, नजर बालवर्गाच्या दारावर.

बाई मला खिडकीतून तिच्याकडे बोट करून दाखवत. "सर, ही माय ज्या दिवशी तिथून उठून वावरात जाईन ना, त्या दिवशी आपलं प्रशिक्षण झालं म्हणायचं. तोवर नाही."

प्रशिक्षण म्हणजे प्रथमोपचाराचं. त्याची आखणी माझ्याकडे आली, कारण शाळेचं वेळापत्रक मी करतो आणि ते सुबक करतो, असा माझा समज आहे. मी रंगीत पेनानं तक्ता काढला: शनिवार, सभागृह, सर्व शिक्षक, ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टर. बाईंनी तक्ता हातात धरून दूर नेला, जवळ आणला.

"लई चांगला काढला. आन् लेकरं?"

"लेकरं वर्गात, बाई."

"कोणाजवळ?"

मी तक्त्यात शोधलं. लेकरांजवळ कोणीच नव्हतं. पडायचं त्यांनी आणि शिकायचं आम्ही, म्हणून मी शाळेतली सगळी मोठी माणसं एकाच खोलीत नेऊन बसवली होती. मग कोणीतरी सुचवलं, दिवाळीच्या सुट्टीत घेऊ. बाई म्हणाल्या, "सुट्टीत शिकलेलं शाळा उघडेलोक उडून जाते." शेवटी दोन गट केले. एक शिकेल तेव्हा दुसरा वर्गांवर. त्यात खिचडी करणाऱ्या मावशी आल्या, गजाननभाऊ आले आणि पोरांना आणणारा ऑटोवालाही आला. एका शिक्षकांना ऑटोवाल्याशेजारी बसणं जरा जड गेलं. त्यांना बाई एवढंच म्हणाल्या, "लेकरू पडाच्या आधी विचारते का, इथं सर हायेत का म्हणून?"

प्रथमोपचाराची पेटी आमच्याकडे होतीच. ती कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली गजाननभाऊंच्या करदोट्याला. ते बँकेत गेले की पेटीही एका अर्थी बँकेत जायची. कुलूप लावायचं कारण त्यांच्याकडे तयार होतं. "उघडी ठेवली त पोट्टे चिकटपट्ट्या लावून मिरवतीन ना, बाई!"

"मिरवू द्या. संपल्या त आणू."

पेटी व्हरांड्यात खिळ्याला लटकली. आठवडाभर निम्मी शाळा जखमी दिसत होती. मग पोरांची हौस फिटली आणि पेटी तिथंच राहिली.

बाईंचा आवडता शब्द 'काऊन'. सिस्टर शिकवायला आल्या तेव्हा आम्ही माना डोलावत होतो आणि बाई पुढच्या बाकावर बसून विचारत होत्या. तोंडात चमचा काऊन नाही घालायचा? हातपाय काऊन नाही दाबून धरायचे? कुशीवर काऊन? आम्हाला विचारायची लाज वाटत होती, ते सगळं त्यांनी आमच्या वतीनं विचारून घेतलं. कांद्याचं आणि चपलेचं विचारताना मात्र माझ्याकडे बघितलं. घड्याळ का बघायचं, हेही विचारलं. सिस्टर म्हणाल्या, फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करायचा, आणि घाबरलेल्याला मिनिटाचा अंदाज राहत नाही. तेव्हापासून बाईंचा एक नियम झाला. कोणी पडलं की खरं का खोटं हे विचारायचं नाही. "ते मग पाहू. आधी खाली बसा."

त्या वर्षी माघात बालवर्गाच्या शोभाताई भाच्याच्या लग्नाला गेल्या. त्यांच्या जागी कोण, हे मीच ठरवायचं होतं. प्रथमोपचार शिकलेला माणूसच बालवर्गावर, ही बाईंची अट. त्या तासाला मोकळा मीच सापडलो. बाई बैठकीला बुलढाण्याला गेल्या होत्या. मी पोरांना चिमणीचं गाणं म्हणून दाखवत होतो, पोरं सहन करत होती, आणि आरोही बसल्या जागी कलंडली.

खरं सांगतो, माझा हात आधी पायाकडेच गेला. चप्पल तिथं नव्हती. बालवर्गात ती दाराबाहेर काढून यावी लागते. तेवढ्यात कानात आलं, आधी खाली बसा. मी बसलो. पाट्या सरकवल्या, माझा स्वेटर काढून घडी करून तिच्या डोक्याखाली सरकवला, तिला कुशीवर वळवलं आणि घड्याळ बघितलं. गजाननभाऊंनी न सांगता बाकीची पोरं व्हरांड्यात नेली आणि फोन हातात धरून उभे राहिले. बाहेर तेच चिमणीचं गाणं सुरू झालं, माझ्यापेक्षा बऱ्या आवाजात.

तिची आई धावत आली. हातात चप्पल होती. कोणाची होती कोण जाणे, दारातली पहिली दिसली ती तिनं उचलली असावी.

"सर, हुंगवा तिले! काऊन नुसते बसून राह्यले?"

"ताई, बसा इथं. तिच्या डोक्यापाशी. तिचा श्वास चालू हाय. थांबते आता."

माझा आवाज इतका शांत निघाला, की तो माझा नसावा अशी मला शंका आली. ती बसली, पण चप्पल हातातच. आम्ही दोघं घड्याळाकडे बघत राहिलो. पाच मिनिटं व्हायच्या आत अंग सैल पडलं. थोड्या वेळानं आरोहीनं डोळे उघडले आणि झोपाळू आवाजात म्हणाली, "माय, मले घरी नाही जायचं."

दुसऱ्या दिवशी आई तिला घेऊन फाटकापर्यंत आली. दप्तर तिच्या खांद्याला अडकवलं. कडुनिंबाकडे एकदा बघितलं आणि मळ्याच्या रस्त्याला लागली. बाई खिडकीत उभ्या होत्या. मला वाटलं, आता शाबासकी देतील. त्या म्हणाल्या, "झालं, सर," आणि लगेच वळून, "शोभाताई किती दिवस रजेवर हायेत?"

पुढं दोन वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला मी बायकोला घेऊन गेलो होतो. शाल-नारळ झालं, भाषणं झाली. बाई उत्तर द्यायला उठल्या, माईकपर्यंत गेल्या आणि पडल्या.

पाहुणे उभे राहिले. आमच्यातलं मात्र कोणी विचारलं नाही, खरं का खोटं. मी गुडघ्यावर होतो, मावशींनी खुर्च्या मागं ओढल्या, गजाननभाऊ फोन घेऊन फाटकाकडे, शोभाताई पोरांना घेऊन बाहेर. प्रमुख पाहुण्यांचा हात बुटाकडे गेला, तेव्हा दुसरीतली आरोही त्यांना म्हणाली, "आजोबा, बूट नका काढू. बाजूले सरका, हवा येऊ द्या."

बाईंनी एक डोळा उघडला. "किती वेळ झाला, सर?"

घड्याळ मी बघितलं होतं, पण आकडे काही नीट दिसले नाहीत.

"जाऊ द्या," बाई म्हणाल्या. "आता मी नसली तरी चालते." तेवढंच त्यांचं भाषण.

आम्ही घरी आलो. आमची दोन्ही मुलं पुण्याला. घरात आम्ही दोघंच. मी चप्पल काढून खुर्चीत बसलो. तिनं साडीही बदलली नाही. बैठकीतला टीपॉय ओढत भिंतीपाशी नेला आणि पदर कमरेला खोचला.

"मी पडली त तुम्ही आहा," ती म्हणाली. "तुम्ही पडले त घरात कोण हाय? मी. आन् मले अजून चप्पलच माहीत हाय. पडा बरं."