टेपाच्या आतलं बोट

ज्या सकाळी मी श्रीवर्धनजवळचं आमचं गाव सोडलं, त्या सकाळी अब्बा मशीनवरून उठले नाहीत. दुपारच्या निकाहची शेरवानी द्यायची होती आणि दोन बाह्या बाकी होत्या. अम्मी रडत होती, माझी बायको रुखसाना बॅगेला दोरी बांधत होती, आणि अब्बा मान वर न करता म्हणाले, "पासपोर्ट आतल्या खिशात ठेव. खिसा खोल शिवलाय." एवढाच निरोप. तेव्हा मला भयंकर राग आला. आता मी स्वतः चौदा वर्षं दुबईतल्या बर दुबई भागात, मीना बाजारमागच्या गल्लीत मशीनवर बसतो. गिऱ्हाईक ताटकळत असताना उठता येत नाही, हे कळायला एवढं पुरलं.

गावाकडचे तुम्ही विचारता, दुबई कशी आहे? मला इथली माणसं मापांवरून जास्त कळतात. अबू धाबीजवळच्या मुसफ्फाच्या कारखान्यांतून सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या वेल्डरचा एक खांदा खाली असतो. ऑफिसात दिवसभर स्क्रीनकडे बघणाऱ्यांची मान पुढे, त्यामुळे कॉलर मागून उचलते. मी उगाच चौकशा करतो, हे कसं झालं, ते कधी झालं. रुखसाना गावाहून फोनवर म्हणते, तुम्ही शिंपी कमी आणि पोलीस जास्त.

गेल्या वर्षाच्या शेवटी मार्कस दुकानात शिरला तेव्हा दारातला उजेडच अडला. अमेरिकन फुटबॉल खेळणारा, तोही पगारी. त्याची बायको इथे शाळेत शिकवते, घर जुमेरा लेक टॉवर्समध्ये. डाव्या गुडघ्याची दुसरी सर्जरी करून तो बायकोकडे बरा व्हायला आला होता आणि त्याला पॅन्ट हवी होती. उजव्या मांडीचा घेर सत्तावीस इंच भरला, डाव्या मांडीचा पंचवीस. माझंच चुकलं असेल म्हणून मी तीनदा टेप फिरवला.

मग काय, माझ्या चौकशा सुरू. नाव फुटबॉल आणि चेंडू बहुतेक वेळ हातात, हे कसं? डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर एवढाली पॅड, तरी हाडं मोडतातच कशी? तो हसत हसत दाखवायचा. गळ्याजवळच्या हाडात पट्टी बसवलेली, दोन बोटं वाकडी, बरगडीवर उंचवटा. मी विचारलं, तू पडून असताना तुझ्या जागी कोण खेळतं? तो म्हणाला, "दुसरा कोणीतरी, मास्टर. आणि तो चांगला खेळला, तर खलास." एवढं अरबी त्यालाही येत होतं. मला ते लगेच समजलं. आम्हीही व्हिसा रिन्यू करताना छातीच्या एक्स-रेसमोर देवाचं नाव घेऊनच उभे राहतो; डाग दिसला की व्हिसा गेला आणि परत गावी.

त्याच्या संघाने त्याला चाचणीला बोलावलं होतं, दीड महिन्याने. पळून दाखवलं तर जागा, नाहीतर दुसरा. पण त्याच्या फिजिओने बजावलं होतं, दोन्ही मांड्यांत अर्ध्या इंचाच्या वर फरक असेल तोवर जोरात पळायचं नाही. फिजिओकडे महिन्यातून एकदा जायचं, त्याला तेवढा धीर नव्हता. म्हणून तो दर आठवड्याला माझ्याकडे यायचा. पॅन्ट कधीच शिवून झाली होती. मी टेप काढायचो आणि तो श्वास रोखून आरशात बघायचा.

आमच्या धंद्यात टेपाच्या आत एक बोट ठेवतात. अब्बा म्हणायचे, "जेवल्यावरही गिऱ्हाइकाला बसता आलं पाहिजे." एका मंगळवारी तो फारच उतरलेल्या तोंडाने आला. मी उजवी मांडी घट्ट टेपाने मोजली आणि डाव्या मांडीला आत बोट ठेवलं, म्हणजे ती अर्धा इंच जास्त भरली. खरा फरक एक इंचाचा होता. मी म्हणालो, "फक्त अर्धा इंच राहिला." त्याने मला मिठी मारून जमिनीवरून उचललं. मला वाटलं, बिचाऱ्याला जरा उभारी आली, कोणाचं काय बिघडलं?

बिघडलं. दुसऱ्याच दिवशी तो जिवाच्या आकांताने पळाला. गुडघ्यात पाणी भरलं, चाचणी हुकली, संघाने दुसरा घेतला.

महिन्याभराने तो काठी टेकत दुकानात आला, तेव्हा मी सगळं कबूल केलं. शरमेने माझी नजर वर होत नव्हती. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू म्हणाला, "मास्टर, मला पॅन्ट नको होती. मला आकडा हवा होता." मग खुर्चीला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "आता घे. बोट न घालता." डावी मांडी साडेचोवीस. त्याने तो आकडा फोनमध्ये लिहून घेतला आणि सोमवारपासून पुन्हा व्यायामाला लागला. जागा मिळेल की नाही, अजून कोणालाच माहीत नाही.

त्याच आठवड्यात मी अब्बांचा ईदचा कुर्ता कापायला घेतला. दर वर्षी पाठवतो, छाती बेचाळीस, मागच्या सुट्टीनंतर मी गावाहून निघालो तेव्हाचं माप, पाच वर्षांपूर्वीचं. आणि दर वर्षी रुखसाना म्हणते, अगदी छान बसला. फोटोत अब्बा नेहमी बसलेले, खांद्यावर शाल. मला कधी शंका आली नाही. मला, ज्याला वेल्डरचा खांदा दारातून दिसतो!

मी रुखसानाला व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं, "अब्बांची छाती आत्ता मोज. टेप घट्ट धर, आत बोट नको." ती म्हणाली, "अहो, तेच आहे माप, कापा तुम्ही." मी पुन्हा सांगितलं. तिने फोन पलंगावर ठेवला. पडद्यावर नुसतं छत दिसत होतं. बऱ्याच वेळाने तिचा आवाज आला, "चौतीस."

आपण सगळेच, तिकडचे नि इकडचे, फोनवर एकमेकांना सैल मापं सांगत असतो. प्रेमानेच सांगतो, हे मला माहीत आहे. पण जिथला खरा आकडा मला कळत नाही, त्याला मी इतकी वर्षं माझं घर म्हणत होतो.

कापड मी कापलं नाही, घडी करून बॅगेत टाकलं. शुक्रवारचं तिकीट मिळालंय. चौतीस तरी खरं आहे का, ते माझ्या हाताने मोजून बघणार आहे.